कलेला विद्यापीठ कशाला?

श्रोतेहो, विद्यापीठ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मोठी दगडी इमारत, काळे झगे, निकालाच्या याद्या, आणि वकील, डॉक्टर, इंजिनिअर होऊन बाहेर पडणारी मुले. गाण्याचे, नाचाचे, चित्रांचे विद्यापीठ असते असे कामशेतच्या बाजारपेठेत कोणाला सांगितले तर तो चटकन म्हणेल, "अहो, गाणं काय विद्यापीठात शिकायचं असतं? ते गळ्यात असावं लागतं!" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण गळा असलेली किती माणसे खेड्याखेड्यांतून न शिकताच म्हातारी झाली, हा हिशेब त्यात धरलेला नसतो.

पूर्वेकडे कोरिया नावाचा देश आहे. १९५० ते १९५३ या काळात तिथे मोठे युद्ध झाले आणि सोल हे राजधानीचे शहर पार उद्ध्वस्त झाले. त्यानंतर चाळीस वर्षांनी त्याच शहरात दक्षिण कोरियाच्या सरकारने केवळ कलेसाठी एक विद्यापीठ काढले. त्याचे नाव कोरिया राष्ट्रीय कला विद्यापीठ. १९९३ साली संगीताचा विभाग प्रथम सुरू झाला. मग दरसाल एकेक याप्रमाणे नाटक, चित्रपट, नृत्य आणि दृश्यकला, आणि शेवटी १९९८ साली देशी परंपरेच्या कलांचा, असे सहा विभाग उभे राहिले. हे विद्यापीठ तिकडच्या शिक्षणखात्याकडे नाही, संस्कृतीखात्याकडे आहे. आपल्या शिक्षक मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. कला म्हणजे शाळेच्या वेळापत्रकातला उरलासुरला तास नव्हे, तो देशाचा स्वतंत्र व्यवहार आहे, असे त्या सरकारने मानले. मात्र देशी कलांचा विभाग सगळ्यांत शेवटी आला, हेही मला सांगितले पाहिजे. घरचे पोर पंगतीला शेवटी बसते, तसेच हे झाले. आपल्याकडेही याहून निराळे घडले नाही.

आपल्याकडे कलेची शाळा कशी उभी राहिली, कोणी तिला पोसले, आणि ती का मोडली किंवा टिकली, हे आज पाहायचे आहे. कारण कलेच्या शाळेचा खरा प्रश्न 'काय शिकवावे' हा नसतो. 'तिचे पोट कोणी भरावे' हा असतो.

मावळच्या माणसाला या गोष्टीचा आरंभ शोधायला लांब जावे लागत नाही. कामशेतहून लोणावळ्याकडे जाताना पुढचे स्टेशन मळवली. तिथे उतरले की एका अंगाला भाजे आणि दुसऱ्या अंगाला कार्ले. दोन्ही ठिकाणची लेणी दोन हजार वर्षांच्या घरातली. भाज्याच्या एका विहारात भिंतीवर दरबाराचा देखावा कोरला आहे. त्यात तंतुवाद्य वाजवणारा आहे आणि त्याच्या तालावर नाचणारी स्त्री आहे. म्हणजे गाणे, नाचणे आणि दगड कोरणे या तिन्ही कला त्या काळी या डोंगरात एका जागी नांदत होत्या. हे ज्यांनी कोरले ते कुठे शिकले? शाळेची इमारत कुठे सापडत नाही. बापाने लेकाला छिन्नी कशी धरायची ते दाखवले, लेकाने नातवाला दाखवले. कार्ल्याच्या चैत्याच्या छताला आजही त्या जुन्या काळच्या लाकडी कमानी आहेत. दगडाच्या छताला लाकडी कमानींची काय गरज? गरज नव्हती. पण आधीची घरे लाकडाची होती, सुताराचा हात मुरलेला होता, आणि तो हात दगडात आला तेव्हा आपली सवय बरोबर घेऊन आला.

आता पोट भरण्याचा प्रश्न. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठजीने पुरे केले, असा शिलालेख तिथे आहे, आणि हे जंबुद्वीपातले सर्वश्रेष्ठ शैलगृह अशी फुशारकीही त्यात मारलेली आहे. परंतु एकट्या शेठजीचे ते काम नव्हे. खांबांवर आणि दारांवर लहान-लहान देणगीदारांची नावे आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचा एक सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, कित्येक यवन आहेत, आणि सामी नावाचा एक सुतारही आहे. सुताराचे नाव दगडावर राहिले, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे आपल्या इतिहासात कारागिराचे नाव शोधू गेले तर शेकडो वर्षे हाती काही लागत नाही.

एकदम सतराशे वर्षे ओलांडून पुण्याला येऊ. सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याला इथली देवळे, लेणी, जनावरे यांची चित्रे काढून हवी होती. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ साली मुंबईस आला आणि पुढे पुण्यास पोचला. त्याने पेशव्यांची आणि नाना फडणविसांची चित्रे काढली. याच काळात शनिवारवाड्यात इथल्या माणसांना चित्रकला शिकवण्यासाठी एक शाळा निघाली. तिच्यातून पुढे आलेला माणूस म्हणजे गंगाराम तांबट. आडनावच तांबट, म्हणजे मूळचा हात धातूचा. १७९० साली पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे त्याने काढलेले चित्र आज अमेरिकेत येल येथील संग्रहात आहे. वेरूळची लेणीही त्याने काढली. त्याची चित्रे पाहिली म्हणजे कळते की हा माणूस नुसता नक्कल करणारा नव्हता. भल्या मोठ्या खांबाशेजारी तो एखादे माणूस उभे करतो, म्हणजे खांब केवढा आहे ते पाहणाराला कळावे.

पण ही शाळा किती टिकली? १७९५ साली सवाई माधवराव वारले आणि त्याच वर्षी वेल्सही वारला. पुढे मॅलेट विलायतेस परत गेला. वेल्सच्या रेखाटनांवरून वेरूळचे मोठे पुस्तक १८०३ साली लंडनमध्ये निघाले. पुण्यातली शाळा मात्र तिच्या आश्रयदात्यांबरोबर संपली. एक राजा, एक वकील, एक गुरू, एवढ्या तीन खुंट्यांवर टांगलेली शाळा होती. खुंट्या निघाल्या, शाळा खाली आली.

पुढची शाळा मुंबईस निघाली आणि ती आजही आहे. सर जमशेदजी जीजीभाई या पारशी व्यापाऱ्याने कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. १८५७ सालच्या मार्चमध्ये, उत्तरेत बंडाचा वणवा पेटण्याच्या थोडे आधी, शाळा सुरू झाली. सुरुवातीला तिला स्वतःची जागा नव्हती, एल्फिन्स्टन संस्थेत वर्ग भरत. आजची इमारत १८७८ सालची. आपण जिला जे. जे. म्हणतो ती हीच.

इंग्रज सरकारला या शाळेतून काय हवे होते? थोर चित्रकार नको होते, चांगले कारागीर हवे होते. मुंबई वाढत होती, इमारती उठत होत्या, त्यांवर नक्षी कोरायला हात पाहिजे होते. बोरीबंदर स्टेशनावरची पाने-फुले, पशू-पक्षी यांच्या नक्षीकामाला या शाळेच्या मुलांचे हात लागले आहेत. लॉकवुड किपलिंग हा शिक्षक १८६५ साली आला. प्रसिद्ध लेखक रुडयार्ड किपलिंग त्याचा मुलगा, त्याचा जन्म त्याच वर्षी या शाळेच्या आवारात झाला. इथे मुलांना ग्रीक पुतळ्यांचे प्लॅस्टरचे साचे समोर ठेवून रेखाटन शिकवीत. सावंतवाडीचा किंवा सासवडचा मुलगा, जन्मात ज्याने ग्रीस ऐकले नाही, तो व्हीनसचे नाक घोटून घोटून काढी. हसू येते खरे. पण त्या घोटण्यातून हाताला शिस्त आली, हे नाकारता येत नाही.

मग जॉन ग्रिफिथ्स याने एक मोठे काम केले. १८७२ पासून १८८५ पर्यंत, दर हिवाळ्यात म्हणा, तो आपल्या शिष्यांना घेऊन अजिंठ्यास जाई. पेस्तनजी बोमनजी आणि इतर मुले लेण्यांतल्या अंधारात बसून भिंतीवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या प्रती करीत. ग्रीक पुतळे घोटणारी पोरे आपल्याच देशातल्या चित्रांपुढे प्रथम बसली ती तिथे. त्या प्रती लंडनला पाठवल्या. १८८५ साली तिथे आग लागली आणि पुष्कळ प्रती जळून गेल्या. बारा-तेरा वर्षांची मेहनत परदेशात जळाली. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सने दोन खंडांचा ग्रंथ काढला, पण ज्या भिंती नंतर खराब झाल्या त्यांची नोंद कायमची गेली. प्रती इथेच राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या की नाही, देव जाणे. पण इथल्या कोणा मुलाने त्या निदान पाहिल्या तरी असत्या.

या शाळेने मराठी माणसाला दिलेली दोन नावे तरी घेतली पाहिजेत. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत असताना 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा घडवला, साल १८९६. देवळाला निघालेली मराठी स्त्री, नऊवारी नेसलेली. व्हीनस घोटून शिकलेल्या हाताने घरची बाई घडवली. दुसरे महादेव विश्वनाथ धुरंधर. कोल्हापूरचा हा मुलगा १८९० साली जे. जे.त आला, शिकला, तिथेच शिक्षक झाला, आणि त्या शाळेतल्या एकेचाळीस वर्षांच्या आठवणींचे पुस्तक मराठीत लिहून गेला. शिक्षक मंडळींनी ते मिळवून जरूर वाचावे. आपला पगार, बढती, साहेबाची मर्जी, गुणी पोरगा हाती लागल्याचा आनंद, सगळे त्यात आहे. शाळामास्तराचे जीवन कुठेही सारखेच.

आता गाण्याकडे वळतो, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. कारण चित्रकलेला निदान सरकारने हात दिला होता. गाण्याला कोणी वाली नव्हता.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी अधू झाली. पुस्तकी शिक्षण बंद. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकायला ठेवले. बाळकृष्णबुवांनी स्वतः ग्वाल्हेरच्या परंपरेतले गाणे मिळवण्यासाठी गुरूच्या मागे वणवण केली होती. एकेका चीजेसाठी गुरूची सेवा करावी, पाणी भरावे, पाय चेपावेत, आणि गुरूची मर्जी झाली तर चार सूर पदरात पडावेत, अशी त्या काळची रीत. या रीतीतून थोर गवई तयार झाले हे खरे. पण ज्याला बारा वर्षे घर सोडून राहणे जमत नव्हते, त्याच्यासाठी दार बंद होते. बायकांसाठी तर बंदच होते. कुलीन घरातल्या मुलीने गाणे म्हणजे शांतं पापम्!

मिरजेला असताना एक प्रसंग घडला. गावातल्या एका समारंभाचे बोलावणे विष्णुबुवांना आले. ते संस्थानिकांच्या मर्जीतले म्हणून आले. पण त्यांच्या गुरूला बोलावले नव्हते. विचारले तर उत्तर मिळाले की गवयाला काय बोलवायचे! एवढ्या मोठ्या गवयाची समाजात ही किंमत. ते बोल विष्णुबुवांच्या जिव्हारी लागले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडले, आणि गुजरात, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे गात-गात ते पंजाबात गेले. वाटेत त्यांनी एक नवीच गोष्ट केली. संस्थानिकाच्या दिवाणखान्याबाहेर पडून तिकीट लावून गाण्याचा जाहीर जलसा केला. ज्याच्या खिशात तिकिटापुरते पैसे आहेत तो ऐकेल, मग तो कोणीही असो. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. त्या काळी गवयाने धन्याला सोडून बाजारात उतरण्यासारखे ते होते.

५ मे १९०१ या दिवशी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. लाहोर का? महाराष्ट्रापासून हजार कोसांवर, जिथे मराठी कानाला पडत नाही तिथे? मला वाटते, घरच्या गावात माणसाची जुनी ओळख आड येते. परक्या मुलखात तो नव्याने मास्तर होऊ शकतो. सांगतात की पहिले काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. बुवा ठरल्या वेळी येत, तंबोरा जुळवत, एकटेच गात बसत आणि वर्ग सुटण्याच्या वेळी उठत. ज्यांनी नव्या वस्तीत शाळा काढली आहे त्या मास्तरांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

मग मुले येऊ लागली. या शाळेत काय होते? इयत्ता होत्या. छापील पुस्तके होती. स्वर लिहून ठेवण्याची लिपी होती, म्हणजे गुरू समोर नसला तरी पाठ घोटता येईल. परीक्षा होती, प्रमाणपत्र होते. फी देणारे विद्यार्थी होते, आणि ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी 'उपदेशक' वर्ग होता. त्यात मुलगा नऊ वर्षे राहण्याचा करार करी. जेवणखाण, कपडालत्ता, शिकवणे सारे शाळेचे, आणि मुलाने शिकून पुढे गाणे शिकवायला बाहेर पडायचे. म्हणजे नुसते गवई नव्हे, गाण्याचे शिक्षक तयार करण्याचे हे ट्रेनिंग कॉलेजच झाले. मुलींसाठी आणि स्त्रियांसाठीही वर्ग निघाला. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही पुढची मोठी नावे याच घरची.

जुन्या चालीचे गवई या सगळ्याला हसले. वहीत गाणे लिहून कुठे गवई होतो का? पाककृतीचे पुस्तक वाचून पोट भरते का? त्यांच्या हसण्यात तथ्य होते. सूर कागदावर उतरतो, पण सुरातली ओल उतरत नाही. शाळेतून शंभर मुले शिकली तर पाच-दहाच गाणारी निघतात. पण उरलेली नव्वद? ती जाणती श्रोते होतात, शाळांतले संगीतशिक्षक होतात, आपल्या लेकीला गाणे शिकवायला भीत नाहीत. जुन्या रीतीत ही नव्वद माणसे कुठे होती? ती नव्हतीच. माझ्या मते विष्णुबुवांचे खरे काम त्या नव्वदांत आहे.

१९०८ साली शाळा मुंबईस आली. जम चांगला बसला, मुले वाढली, बुवांनी मोठी इमारत बांधायला काढली. सरकार नाही, संस्थानिक नाही, लोकांच्या देणग्या आणि बुवांच्या जलशांचे उत्पन्न एवढेच भांडवल. बुवा गावोगाव गात, पैसे आणीत आणि कर्ज फेडीत. पण कर्ज वाढतच गेले. बुवांचे मनही हळूहळू रामनामाकडे वळले होते, जलशाऐवजी ते रामायण सांगत. अखेर १९२४ साली सावकारांनी इमारतीचा लिलाव करवला. ज्या शाळेने हजारो मुलांच्या हाती तंबोरा दिला तिची चीजवस्तू बोलीवर गेली. बुवा नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहिले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस वारले.

इथे एक गोष्ट घडली ती शनिवारवाड्यात घडली नव्हती. गुरू गेला, इमारत आधीच गेली, पण शाळा गेली नाही. त्याच वर्षअखेर शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पुढच्या वर्षी, १९३२ साली विनायकराव पटवर्धनांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा आज देशभर होतात. तालुक्याच्या गावी पेटी-तबल्याचा वर्ग चालवणारा मास्तर आपल्या मुलांना ज्या परीक्षेला बसवतो ती बहुधा हीच. इमारतीचा लिलाव होतो, अभ्यासक्रमाचा होत नाही.

विष्णु नारायण भातखंडे हे दुसरे विष्णु. मुंबईचे, १८६० साली जन्मलेले, धंद्याने वकील. त्यांनी गावोगाव फिरून घराण्याघराण्यांतल्या चिजा जमवल्या. वकील जसा साक्षीदाराला बोलते करतो तसे त्यांनी खांसाहेबांना बोलते केले असावे! 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत आहे, आणि तो गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिलेला आहे. १९१६ साली बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्यांनी अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. त्या बडोद्यात १८८६ पासूनच मौलाबक्षांची गायनशाळा चालत होती. १९२६ साली लखनौला भातखंड्यांच्या प्रयत्नाने मॅरिस कॉलेज निघाले. तेच आज भातखंडे यांच्या नावाचे राज्य विद्यापीठ झाले आहे. मराठी माणसाच्या नावाचे कलाविद्यापीठ आहे, पण ते गोमतीकाठी!

आणि देशात केवळ कलेसाठी पहिले विद्यापीठ निघाले ते तरी कुठे? खैरागडला. छत्तीसगडातले एक छोटे संस्थान. ऑक्टोबर १९५६ मध्ये ते विद्यापीठ सुरू झाले तेव्हा तो मुलूख जुन्या मध्यप्रदेशात होता आणि त्या प्रांताची राजधानी आपले नागपूर होते. राजे वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांची इंदिरा नावाची मुलगी लहानपणी वारली. तिला गाण्याची आवड होती. त्या दुःखातून राजाराणींनी आपला राजवाडा कलेच्या शिक्षणासाठी देऊन टाकला आणि मुलीच्या नावाने इंदिरा कला संगीत विद्यापीठ उभे राहिले. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तिथे कुलगुरुपद सांभाळले. पुढे तिथे गाणे, नाच, चित्र, शिल्प आणि लोककला अशा विद्या एका छताखाली आल्या. कोरियाच्या विद्यापीठापेक्षा हे छत्तीस-सदतीस वर्षांनी जुने. मुंबई-पुण्याला जे सुचले नाही ते एका आडबाजूच्या गावात झाले, ही गोष्ट खेड्यातल्या श्रोत्याने मुद्दाम लक्षात ठेवावी.

महाराष्ट्रात मग काही झाले नाही असे नव्हे. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली सुरू केलेला पुण्याचा भारत गायन समाज आहे. १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर चित्रपट शिकवणारी सरकारी संस्था पुण्यात निघाली. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले, तिथे नाटक, संगीत आणि नृत्य शिकवतात, आणि गुरूजवळ बसून शिकण्याची जुनी रीत विद्यापीठाच्या पदवीत बसवण्याचा प्रयत्न त्यांनी केला. जे. जे.ला मात्र विद्यापीठाचा दर्जा देण्याचे २०२३ साली ठरले. मूळ शाळेपासून मोजले तर एकशे सहासष्ट वर्षे लागली.

नाटक कंपन्यांचे नाव घेतले नाही तर रागवाल. किर्लोस्कर, गंधर्व यांच्यासारख्या मंडळ्या म्हणजे फिरती निवासी विद्यालयेच होती. पोरगा आठ-दहा वर्षांचा कंपनीत यायचा, तालीममास्तर त्याला गाणे शिकवायचे, उभे राहणे-बसणे शिकवायचे, पंगतीला जेवायला घालायचे. पण कंपनी कर्जात बुडाली की पोरगा रस्त्यावर. प्रमाणपत्र ना पेन्शन.

आता आपल्या परिसराकडे पुन्हा पाहू. मावळातल्या माणसाला आपल्याजवळ कलेची शाळा नाही असे वाटते. मी म्हणतो, इंद्रायणीच्या काठाने खाली जा. आळंदीला विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. शिकायला येणारी मुले माधुकरी मागून राहत. ग्रंथ शिकत, अभंगाच्या चाली शिकत, कीर्तनाला उभे कसे राहायचे ते शिकत. कीर्तन म्हणजे तरी काय? गायन, वक्तृत्व, अभिनय आणि ताल. पाश्चात्त्य तऱ्हेचे विद्यापीठ यासाठी चार विभाग उघडील. आमचा कीर्तनकार एका जागी उभा राहून चारही करतो, मागे टाळकरी, बाजूला पखवाजी. हिला कोणी कलाशाळा म्हणत नाही, कारण तिचा हेतू कला हा नाही, भक्ती हा आहे. मला वाटते हेतू कोणताही असो, पोराच्या बोटांना ठेका बसला की ती शाळाच. आणि हिचे पोट कोण भरते? कार्ल्याच्या लेण्याचे भरले त्यांनीच. सुतार, शेतकरी, वाणी, ज्याच्या घरी भाकरी आहे तो.

मात्र यातही एक खोट आहे, आणि ती झाकून उपयोग नाही. तमाशातली बाई, डोंबारी, वासुदेव, गोंधळी यांच्या कलेला अशी माधुकरीही मिळाली नाही. कीर्तनकाराला पाया पडणारा समाज ढोलकीवाल्याला पायरीवर बसवत होता. मुंबई विद्यापीठात आता लोककला अकादमी आहे, तिथे शाहिरी, भारूड, लावणी शिकवतात. पण कोरियात देशी कला सहाव्या क्रमांकावर आली असे मी मघाशी म्हटले. आपल्याकडे तिचा क्रमांक कितवा लागला ते ज्याचे त्याने मोजावे.

खेड्यातल्या मास्तरांनी मग काय करायचे? खैरागड लांब, मुंबई महाग. एक धागा मात्र मुंबईच्या त्या जुन्या चित्रशाळेच्या काळापासून आपल्या गावापर्यंत येऊन पोचला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा. आज त्या राज्याचे कला संचालनालय घेते. इंटरमिजिएट झालेल्या मुलाला दहावीला काही वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक मुलांना बसवतात. गुणांसाठी का होईना, बसवतात. नुसती गुणांची आशा धरून केलेले चित्र कसे असते हे चित्रकलेच्या शिक्षकाला सांगायला नको. तेच घड्याळाच्या काट्यासारखे डोंगर, त्यांच्या मधोमध तोच सूर्य, तीच दोन नारळाची झाडे. मावळातल्या पोराने नारळाचे झाड का काढावे? त्याच्या दारात आंबा आहे, जांभूळ आहे, भाताची खाचरे आहेत.

बेडसे गाव कामशेतपासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. तिथल्या लेण्याच्या तोंडाशी कारागिरांनी खडक सगळा न काढता दोन्ही बाजूंना तसाच ठेवला आहे, मधल्या अरुंद वाटेने आत जावे लागते. आत शिरले की एकदम समोर उंच खांब, आणि त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल, त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. नाशिकच्या आनंद शेठजीचा मुलगा पुसणक याने दान दिल्याचा लेखही आहे. चौथी-पाचवीच्या मुलांना एक दिवस तिथे न्यावे, हातात पेन्सिल आणि कागद द्यावा आणि सांगावे की एकच घोडा काढा, पण पाहून काढा. ग्रिफिथ्सने अजिंठ्यात याहून निराळे काय केले?

आणि परीक्षेत स्मरणचित्राचा जो कागद असतो, त्यात बाजार, जत्रा, सण असे प्रसंग येतात. आषाढात पालखीच्या दिवसांत मावळातली किती मुले दिंडी पाहतात! पण पाहिलेले आठवून काढायचे म्हटले की पताका येते, टाळ येतात, पखवाज मात्र नुसता पिंपासारखा येतो. त्याच्या एका तोंडाला शाईचा काळा गोल असतो, दुसऱ्या तोंडाला कणीक लावलेली असते, आणि मध्ये वादी ताणून गठ्ठे बसवलेले असतात. गावच्या भजनी मंडळातल्या पखवाज्याला एका शनिवारी शाळेत बोलावून तो पखवाज मुलांच्या मध्ये ठेवायला लावला तर गाण्याचा आणि चित्रांचा असे दोन तास एकदम होतील, आणि त्याला कोणाची परवानगीही लागणार नाही.